शब्बाथ, किप्पूर आणि व्हीलचेअर: 'तुम्हाला माफी आहे' याच्या पुढे काय?

अश्दोदची सून:
शालोम मंडळी. एरवी मी आपल्या मराठी ज्यूंच्या या मंचावर चिकाचा हलवा आणि मलिदा यांच्या धाग्यांवरच असते. आज जरा वेगळं विचारायचंय.

माझे सासरे मूळ रेवदंड्याचे. मुंबईत गिरणीत होते, मग इस्रायलला, इथे अश्दोदला येऊन बंदरात नोकरी केली, आता निवृत्त. मधुमेहापायी उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. कृत्रिम पाय आहे, पण तो घासून जखम होते, तासाभराच्या वर घालवत नाही. आठवडाभर ते बॅटरीच्या स्कूटरवर गावभर हिंडतात, भाजीवाल्याशी हिब्रूत आणि माझ्याशी मराठीत भांडतात. शुक्रवारी दिवे लागले की स्कूटर जिन्याखाली. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) वीज चालू-बंद करायची नाही, म्हणजे चावीला हात लावायचा प्रश्नच नाही. सिनेगॉग (आमचं प्रार्थनास्थळ) पाऊण किलोमीटरवर, त्यात चढ. नवरा साध्या व्हीलचेअरवरून ढकलत नेतो, पण त्याचीच कंबर धरलेली असते.

गब्बाईंनी (सिनेगॉगच्या व्यवस्थापकांनी) चांगल्या मनानेच सांगितलं, "नाना, तुम्हाला माफी आहे. घरी बसून नमाज (प्रार्थना) करा." झालं! तेव्हापासून शनिवारी पप्पा घरीसुद्धा सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) हातात घेत नाहीत. आणि हाच माणूस, इन्सुलिन चालू असताना, किप्पूरचा, वर्षातला सगळ्यात मोठा उपास मात्र कडक करणार म्हणून आत्तापासून जाहीर करून बसलाय. जी सूट घ्यायलाच हवी ती घेणार नाहीत, आणि जी नको होती ती लोकांनी गळ्यात मारली.

शब्बाथला स्कूटरचं काही होऊ शकतं का? तोरासाठी (धर्मग्रंथाच्या वाचनासाठी) बोलावलं तर तेबाच्या (वाचनाच्या उंच ओट्याच्या) पायऱ्या न चढता कसं करतात? आणि किप्पूरचं काय? रब्बींना (धर्मगुरूंना) विचारणार आहेच, पण नेमकं काय विचारायचं हे तरी आधी कळलं पाहिजे ना.

लोदकर:
स्कूटरचं होतं. अलोन श्वूतला 'त्सोमेत' नावाची संस्था आहे, रब्बी यिस्राएल रोझेन यांनी १९७७ साली काढलेली. हलाखा (धर्माचा कायदा) आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालणं हेच त्यांचं काम. शब्बाथसाठीची स्कूटर आणि व्हीलचेअर त्यांनी बनवली आहे.

ती चालते कशी ते सांगतो, कारण ऐकणाऱ्याला पहिल्यांदा थट्टाच वाटते. साध्या स्कूटरवर तुम्ही खटका दाबता आणि त्या क्षणी मोटारीला वीज मिळते. म्हणजे वीज तुम्ही चालू केली. इथे खटका दाबला तरी त्या क्षणी काहीच होत नाही. आतलं सर्किट दर काही सेकंदांनी आपणहून फेरी मारून बघतं, खटका कुठल्या स्थितीत आहे. बदललेला दिसला की मग ते स्वतः मोटार सुरू करतं. पप्पांना सुरुवातीला वैताग येईल. दाबलं आणि हललं नाही की माणूस पुन्हा दाबतो. तसं करायचं नाही. दाबायचं आणि थांबायचं.

या तत्त्वाला 'ग्रामा' म्हणतात, म्हणजे थेट न करता कारण तेवढं घडवून आणणं. मूळ मिश्नात, म्हणजे तोंडी कायद्याच्या जुन्या संग्रहात आहे, त्यातल्या 'शब्बाथ' या भागाच्या १६ व्या अध्यायात. आग लागली तर ती हाताने विझवायची नाही, पण तिच्या वाटेत पाण्याने भरलेली भांडी मांडून ठेवायची. ज्वाळा तिथवर आल्या की भांडी फुटतील आणि आग विझेल.

अश्दोदमध्ये एरुव (गावाभोवती तारांनी आखलेली हद्द, जिच्या आत शब्बाथला वस्तू नेता येतात) आहे, इस्रायलच्या जवळपास प्रत्येक ज्यू गावात असतो, त्यामुळे रस्त्यावर वस्तू नेण्याचा प्रश्न मिटतो. तरी गुरुवारीच धार्मिक मंडळाकडे चौकशी करा. तार तुटलेली असली तर ते सांगतात.

वाचनमात्र पुणे:
मी ज्यू नाही, पुण्यात लाल देवळाजवळ (तिथलं सिनेगॉग) लहानाची मोठी झाले, तेवढाच संबंध. बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. देवळात जायला बटण दाबलं तर देव रागावेल का? आमच्या मावशीला साखर आहे म्हणून ती एकादशी करत नाही. विठोबाला काही वाटत नाही असं ती म्हणते. विषय संपतो.

लोदकर:
रागावण्यासारखं काही नाही. तोरात शब्बाथला काम मना आहे, मिश्नात त्याचे ३९ प्रकार दिलेत. पेरणी, कापणी, शिवण, आग पेटवणं, विझवणं, घरातून सार्वजनिक जागेत वस्तू नेणं वगैरे. वीज त्यात नेमकी कुठे बसते यावर रब्बींची मतं वेगवेगळी आहेत, पण वापरायची नाही यावर ऑर्थोडॉक्स मंडळींचं एकमत. देव रागावतो म्हणून नाही. आठवड्यातून एक दिवस जगात काही बदल करायचा नाही, हा करार आहे. पप्पांना तो करार मोडून सिनेगॉगला जायचं नाहीये. करार पाळून जायचंय.

आणि तुमच्या मावशीचं बरोबर आहे. आमच्यात तर जिवाला धोका असता तर तिला उपास करायची मनाईच झाली असती.

काटेकोर:
लोदकरांनी सगळं छान सांगितलं, पण एक गोष्ट गाळली. ग्रामा म्हणजे खुली सूट नव्हे. शुलहान आरूख या कायद्याच्या ग्रंथावर रमा या पंडितांची टीप आहे की नुकसान होत असेल तिथेच ग्रामा चालवून घ्यावी. आज म्हातारे, उद्या गुडघे दुखणारे, परवा कंटाळलेले. शब्बाथच्या लिफ्टचं (बटण न दाबता आपणहून मजल्यांवर थांबणाऱ्या) बघा. २००१ मध्ये कायदा झाला की एकाहून जास्त लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत शब्बाथची यंत्रणा बसवायची. सगळे खूश. २००९ मध्ये रब्बी एल्याशिव आणि इतर मोठ्या रब्बींनी तीच लिफ्ट वापरू नका म्हणून पत्रक काढलं. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं एका रात्रीत अडकली. यंत्र आणण्याआधी तुमच्या सिनेगॉगचे रब्बी कुणाचं मानतात ते बघा. नाहीतर पप्पा दारात स्कूटर लावतील आणि आत लोक कुजबुजतील.

दुसरं, मागे ढकलायला गैरज्यू मदतनीस असेल तर निम्मे प्रश्न सुटतात. इथे कितीतरी घरांत केरळच्या मुली आहेत. पण तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, यालाही नियम आहेत. आजाऱ्याच्या गरजेसाठी सरळ सांगता येतं. सिनेगॉगला जाणं ही आजारपणाची गरज नाही, मित्स्वा (धर्माची आज्ञा) आहे, आणि तिचा हिशोब वेगळा.

येरुहामकर:
काटेकोर, मुद्दे बरोबर आहेत पण सूर नाही. परवाचे कंटाळलेले लोक थांबवायला आजचा पाय गेलेला माणूस कशाला हवा? त्सोमेतची स्कूटर अपंग आणि वृद्धांसाठीच आहे, ते स्वतःच तसं सांगतात. आणि 'कवोद हब्रियोत', माणसाची प्रतिष्ठा, हाही हलाखाचाच शब्द आहे. तल्मूद (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) म्हणतो तिच्यासाठी रब्बींनी घातलेली बंधनंसुद्धा बाजूला ठेवता येतात.

काटेकोर:
सूर कोरडा लागला असेल. माझ्या आईला शेवटची काही वर्षं चौथ्या मजल्यावरून शनिवारी उतरता आलं नाही, ते याच पत्रकामुळे. नियम मोडू असं तिने एकदाही म्हटलं नाही. म्हणून मी आधी विचारा म्हणतो.

परिचारिका बीरशेवा:
किप्पूरवर मी लिहिते, हे माझं रोजचं काम आहे. दर वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात आपली मंडळी येतात. साखर ४० वर घसरलेली, नाहीतर चारशेच्या वर. सगळ्यांचं एकच वाक्य असतं, "सिस्टर, दारफाळणीचा सण (म्हणजे किप्पूर) आहे, कसं खाणार?"

अश्दोदची सून, पप्पांना पहिल्यांदा हे सांगा. जीव धोक्यात असेल तर खाणं ही सूट नाही, कायदाच आहे. 'त्या नियमांनी जगावं' असं तोरात आहे, आणि तल्मूद त्यावर म्हणतो, जगावं, त्यांच्यापायी मरू नये. शुलहान आरूखमध्ये तर इतकं स्पष्ट आहे की आजारी माणूस स्वतः म्हणाला मला खायला हवं, तर शंभर डॉक्टर नको म्हणाले तरी आजाऱ्याचं ऐकायचं. जीवावरच्या प्रसंगी जो चटकन कृती करतो त्याची वाहवा, आणि जो विचारत बसतो तो रक्त सांडणाऱ्यासारखा, हे वाक्यही तिथलंच.

आता प्रत्यक्ष. रब्बी आणि डॉक्टर दोघांनी मिळून ठरवलं तर 'शिऊरीम'ने खातात, म्हणजे थोडं थोडं, मोजून. खाणं एका वेळी साधारण ३० मिलीलिटर जागा व्यापेल त्याहून कमी. मग ९ मिनिटं थांबायचं. मग पुन्हा. पाण्याचं माप माणसागणिक वेगळं. सणाच्या आधी तोंड पूर्ण भरून पाणी घ्यायचं, पेल्यात काढायचं, मोजायचं. एका वेळी त्याच्या निम्म्याहून कमी प्यायचं. मी नातेवाइकांना औषधाच्या बाटलीची मापाची टोपणं देते, त्यावर रेघा असतात. ती आदल्या दिवशीच ओळीने भरून ठेवायची. भिंतीवर काटा दिसेल असं घड्याळ. बटाट्याचा किंवा केळ्याचा गोळा टोपणात दाबून बसवला तर माप चुकत नाही. बिस्किटात मधे हवा राहते, माणूस कमी खातो आणि साखर पडते.

पण हे लक्षात ठेवा. एवढ्याने साखर सांभाळली जात नसेल तर मापं विसरायची आणि सरळ खायचं. शिऊरीम शक्य असेल तेव्हाचे. साखर तपासणं, इन्सुलिन घेणं, पंप असेल तर त्याची बटणं दाबणं, यात किप्पूर किंवा शब्बाथ आडवा येत नाही. आणि हा सगळा मोजून खाण्याचा खटाटोप फक्त किप्पूरला. बिरड्याच्या सणाला (तिशा बआवच्या उपासाला) किंवा बाकीच्या उपासांना आजारी माणसाने सरळ जेवावं, टोपणं नकोत.

मधुमेही सगळे सारखे नसतात. गोळ्यांवरचे काही जण डॉक्टरांच्या सल्ल्याने उपास करतात. इन्सुलिनवाल्याने मनाने ठरवू नये, बस्स.

संपादक मंडळ:
वरच्या प्रतिसादातली मापं समजून घेण्यासाठी आहेत. आपापल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुणी वापरू नयेत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

डावा कान:
मी जन्मापासून जवळजवळ बहिरा. श्रवणयंत्र लावतो. 'माफी आहे' हे वाक्य मला तुमच्या सासऱ्यांपेक्षा जुनं आहे, म्हणून लिहायला बसलो.

मिश्नात तीन माणसांची नावं सारखी एकत्र येतात. बहिरा, वेडा आणि लहान मूल. तिघांना मित्स्वांचं बंधन नाही, तिघांचा व्यवहार धरायचा नाही. आता मिश्नाच तेरूमोत या भागात सांगते की बहिरा म्हणजे ज्याला ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही तो. म्हणजे त्या काळी ज्याच्याशी कुणाला बोलताच येत नव्हतं असा माणूस. पण आमच्या सिनेगॉगमध्ये एका काकांनी मला मिन्यानमध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, धरायचं की नाही हा प्रश्न माझ्यासमोर, मला ऐकू येत नाही असं समजून, मोठ्याने विचारला. मला ओठ वाचता येतात, काका!

१८ व्या-१९ व्या शतकांत युरोपात मुक्या-बहिऱ्यांच्या शाळा निघाल्या, मुलं लिहा-वाचायला लागली, तेव्हापासून रब्बींमध्ये यावर वाद आहे. खुणांची भाषा ही भाषाच आहे आणि ती बोलणारा माणूस त्या तिघांतला नाही, असा निर्णय अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाने २०११ मध्ये दिला.

काटेकोर:
तो त्यांचा निर्णय. आपल्या ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये तो दाखवून काही होणार नाही.

डावा कान:
दाखवत नाहीये. मी बोलतो, त्यामुळे जुन्या व्याख्येप्रमाणेही मी मिन्यानमध्ये आहे. माझ्या बायकोला बोलता येत नाही, म्हणून सांगितलं. ती बाकी कुणाहूनही जास्त तेहिल्लीम (स्तोत्रं) वाचते, हातांनी.

यंत्राचं म्हणाल तर ते सोपं आहे. शुक्रवारी नवी बॅटरी घालून चालू करून ठेवतो, रविवारपर्यंत बंद करत नाही. यंत्र लावलेल्या माणसाशी शब्बाथला बोलावं की नाही, बोलण्याने आतला प्रवाह बदलतो, यावर मोठी चर्चा झालीय. अमेरिकेतले रब्बी मोशे फाइनश्टाइन आणि जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन आउएरबाख दोघांनीही परवानगी दिली. तेव्हा शनिवारी मला टाळायला हे कारण चालणार नाही.

खरी अडचण नव्याच्या सणाला (नववर्षाला) येते, शोफार (फुंकायचं शिंग) ऐकायचा असतो तेव्हा. रब्बी आउएरबाख यांच्या मते यंत्रातून येतो तो आवाज शोफारचा नव्हेच, यंत्रातल्या पडद्याच्या थरथरीचा. म्हणजे यंत्रातून ऐकून मित्स्वा होत नाही. इतर काहींनी इतकं ताणलेलं नाही. मी काय करतो, शोफारच्या वेळी यंत्र काढतो, रुमालात गुंडाळतो (उघडं ठेवलं तर शिट्टी मारतं आणि सगळे माना वळवून बघतात), आणि वाजवणाऱ्याला खेटून उभा राहतो. डाव्या कानात थोडं येतं, बाकीचं छातीत येतं. मला ऐकू येतच नसतं तर शोफारचं बंधनच नव्हतं, हे माहीत आहे. जेवढं येतं तेवढं मला हवंय.

रमल्याचा ठाणेकर:
डावा कान, तुमचं वाचून रब्बी योसेफची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मोठ्या भावाला दिसत नाही, आमच्या घरात ही गोष्ट लग्नात गाणी म्हणतात तशी म्हणतात.

रब्बी योसेफ बाबिलोनचे मोठे विद्वान, आंधळे. तेव्हा वाद होता की आंधळ्याला मित्स्वांचं बंधन आहे की नाही. रब्बी यहूदा म्हणत नाही. योसेफ म्हणाले, कायदा यहूदांसारखाच आहे असं मला कुणी सांगितलं तर मी सगळ्या पंडितांना मेजवानी देईन, कारण बंधन नसताना मी सगळं पाळतोय, माझं पुण्य केवढं! मग त्यांनी रब्बी हनीनांचं वचन ऐकलं, की आज्ञा असून पाळणारा हा आज्ञा नसताना पाळणाऱ्यापेक्षा मोठा. लगेच फिरले. म्हणाले, आता कायदा यहूदांसारखा नाही असं जो सांगेल त्याच्यासाठी मेजवानी!

तल्मूदच्या किद्दुशीन या भागात आहे. गब्बाईंना वाचायला द्या.

भावाच्या बाबतीत तीन-चार प्रसंग आले, तुमच्या उपयोगाचे असतील. तोरासाठी बोलावण्याचं बघा. शुलहान आरूख म्हणतं आंधळ्याने वाचू नये, लिहिलेलं तोंडपाठ म्हणायचं नाही. त्यावर रमा महरील या जुन्या पंडितांच्या आधाराने सांगतात की आता बोलावतात. वाचणारा वाचतो, बोलावलेला बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणतो. भाऊ महिन्यातून एकदा तरी जातो. काठीबद्दल, जिथे एरुव नाही तिथे आंधळ्याने काठी घेऊन बाहेर पडू नये असं जुनं कलम आहे, पण लंगड्याला, जो काठीशिवाय चालूच शकत नाही, त्याला तिथेच परवानगी आहे. तर्क असा की आंधळा काठीशिवाय चालू शकतो. तो लिहिणाऱ्याने मोटारी पाहिल्या नव्हत्या! आजचे अनेक रब्बी दोघांनाही एकाच रांगेत बसवतात. कुत्र्याबद्दल, वाट दाखवणारं कुत्रं सिनेगॉगमध्ये आणायला रब्बी फाइनश्टाइननी परवानगी दिली, झुरिकच्या रब्बी ब्राइशना ती मान्य नव्हती. आमच्याकडे कुत्रं नाही, भाऊ घाबरतो कुत्र्याला, त्यामुळे तो वाद आम्ही वाचूनच सोडला.

कृत्रिम पायावरही मिश्ना आहे बरं का. लाकडी पाय लावून शब्बाथला बाहेर पडावं का? रब्बी मेईर हो म्हणतात, रब्बी योसे नाही. भीती ही की तो निसटेल आणि माणूस हातात घेऊन चालेल. आजचा सॉकेटवाला पाय निसटत नाही.

येरुहामकर:
बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मिक्वेच्या (धार्मिक स्नानाच्या कुंडाच्या) पायऱ्या व्हीलचेअरवालीला उतरता येत नाहीत. आता काही ठिकाणी पाण्यात उतरणारी खुर्ची असते, हाताने फिरवायची किंवा मोटारीची. पण पाणी अंगाला सगळीकडून लागलं पाहिजे, मधे काही येता कामा नये, म्हणून शेवटच्या बुडीला खुर्चीवरून अंग सुटं करावं लागतं, आणि त्यासाठी सोबतीची बाई सरावलेली हवी. आधी फोन करून 'खुर्ची आहे का' एवढंच विचारू नका. 'चालू आहे का आणि चालवणारी त्या रात्री आहे का' असं विचारा. माझ्या बहिणीला एका गावात खुर्ची दाखवली, वर कपडे वाळत घातलेले. १९९८ चा अपंगांच्या समान हक्कांचा कायदा भिंतीवर चिकटवलेला होता.

पोटाला पिशवी असलेल्या, कॅथेटर असलेल्या माणसांचेही प्रश्न असतात, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामड्याच्या डब्या) घालावेत का, नमाजाला उभं राहावं का. याची उत्तरं आहेत आणि बरीचशी अनुकूल आहेत. लाजून घरी बसू नका, विचारा.

वाचनमात्र पुणे:
मी रोज येऊन वाचतेय. सासऱ्यांचं काय झालं?

अश्दोदची सून:
सगळ्यांचे आभार. सण आटोपले, आता निवांत लिहिते.

किप्पूरचं आधी. परिचारिकाताईंचा प्रतिसाद छापून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मापं थोडी बदलली आणि सहीने लिहून दिलं. मग रब्बी स्वतः घरी आले. पप्पांनी त्यांना रेवदंड्याचे दाखले दिले, त्यांचे आजोबा पांढरे कपडे घालून दार लावून दिवसभर कसे बसायचे ते सांगितलं. रब्बींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाना, आजोबांना इन्सुलिन मिळालं असतं तर तेही जेवले असते, कारण त्यांना कायदा ठाऊक होता. पप्पा गप्प. पटलं असं नाही म्हणणार. पण दिवसभर सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, समोर घड्याळ, टोपणातला बटाटा. दर वेळी खाताना चेहरा असा की मी विष देतेय. दुपारी साखर ११०.

स्कूटरचं: रब्बींना ग्रामाची हरकत नव्हती, फक्त 'शब्बाथची गाडी' अशी पाटी लावा म्हणाले, बघणाऱ्याचा गैरसमज नको. लोदकर, तुम्ही सांगितलंत तसंच झालं, पप्पांनी पहिल्या दिवशी खटका पाच-सहा वेळा दाबला आणि गाडी निघाल्यावर स्वतःच दचकले. आता सवय झाली. चढावर जरा दम खाते.

तेबाचा प्रश्न सगळ्यात सोपा निघाला, आणि त्यालाच सगळ्यात वेळ लागला. सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) माणसाकडे न्यायची नाही, माणसाने तोराकडे जायचं, असा नियम पुढे आला, आणि कमिटीतल्या दोघांनी तो धरून ठेवला. शेवटी हझ्झानच (प्रार्थना चालवणारे) म्हणाले, तोरा पप्पांकडे कुठे न्यायचीय, त्या दिवशी सगळ्यांचंच वाचन खालच्या टेबलावर करू. मग बसून बेराखा म्हणायची की नाही यावर पुस्तकं उघडली गेली. तिथे मला नवीन कळलं, तोरा वाचताना टेकूनसुद्धा उभं राहायचं नाही, पण जाड माणसाला टेकायची परवानगी शुलहान आरूखमध्येच आहे! म्हणजे ज्याला जमत नाही त्याची सोय मूळ कलमातच. त्यावर गब्बाई (वजन शंभराच्या पुढे) म्हणाले, मग मी इतकी वर्षं सरळ कशाला उभा राहतोय?

पप्पा बसूनच गेले. बेराखा नको तितक्या मोठ्याने म्हटली.

काटेकोर:
माझेल तोव. पाटीची सूचना चांगली आहे.

लोदकर:
छान. शनिवारी रात्री हव्दाला (शब्बाथ संपल्याचा विधी) होईपर्यंत चार्जर लावू नका, आणि थंडीत शुक्रवारी दिवे लवकर लागतात तेव्हा बॅटरी दुपारीच पूर्ण भरून घ्या. थंडीत ती लवकर उतरते. अर्ध्या वाटेत बंद पडली तर गाडी मोकळी करून ढकलायचा दांडा कुठे आहे ते नवऱ्याला आत्ताच दाखवून ठेवा. चार-आठ दिवसांसाठी साधी व्हीलचेअर जादा हवी असेल तर याद सारा या संस्थेकडून उसनी मिळते.

अश्दोदची सून:
दांडा बघितला, सीटखाली आहे. याद साराची खुर्ची आणलेलीच आहे, ती आता सासूबाई वापरतात. त्यांचे गुडघे गेलेत, आणि बायकांची गॅलरी आमच्याकडे वरच्या मजल्यावर, तेवीस पायऱ्या, लिफ्ट नाही. खाली पडदा लावून कोपरा देऊ म्हणतात, पण मधल्या वाटेला लागून, म्हणजे पुरुषांची ये-जा समोरूनच. कुणाच्या सिनेगॉगमध्ये हे नीट जमवलंय का, पडदा किती उंच, कुठे? वेगळा धागा काढते, तिथे लिहा.